बाणांचं चित्र काढणारे गृहस्थ

आमच्या बनारसच्या पेन्शन कचेरीत गेल्या वर्षी लखनौहून एक गृहस्थ आले. कामकाज संगणकावर न्यायचं, तर आधी अर्ज कुठून कुठे जातो याचं चित्र हवं, म्हणून त्यांना बोलावलं होतं. नाव मी विचारलं नाही. प्रत्येक टेबलाशी स्टूल ओढून ते बसत, चष्मा कपाळावर सरकवत आणि मऊ आवाजात विचारत, "इसके बाद?" आम्ही सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "आगे भेज देते हैं।"

तिसऱ्या दिवशी भिंतीवर भलामोठा कागद लागला. प्रत्येक टेबल म्हणजे एक चौकोन आणि अर्जाचा प्रवास म्हणजे बाण. बाण बड्या बाबूंपासून, म्हणजे हेडक्लार्कपासून निघून सगळे चौकोन फिरून पुन्हा बड्या बाबूंकडेच येत होते.

"कितना सुंदर गोल है," कचेरीचे साहेब खूश होऊन म्हणाले.

बाकावर ताटकळत बसलेल्या एका विधवा बाईंनी विचारलं, "भैया, इसमें हमारी पेंशन कहाँ से निकलेगी?"

गृहस्थांनी बाणांवरून दोनदा बोट फिरवलं. "कहीं से नहीं, माताजी।"

साहेबांनी बाहेर जाणारा एक बाण काढायला फर्मावलं. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पहले आप एक कागज बाहर भेजिए, तीर मैं बना दूँगा।"

चौथा चौकोन माझा होता आणि बाईंचा अर्ज पावसाळ्यापासून माझ्याच टेबलावर पडून होता. मी सही करून तो साहेबांपुढे धरला. सगळ्यांदेखत त्यांना तो मंजूर करावाच लागला. गृहस्थांनी लगेच एक बारीक बाण काढला.

मला लाज वाटली. बाण काढायला त्यांना एक क्षण लागला होता आणि सही करायला मलाही तेवढाच.