आधी शेवंतीला ने

परतवाड्याच्या बसस्थानकावर आई त्या सकाळी मला सोडायला आली नव्हती, मांजराला सोडायला आली होती. मला ती फाटकातूनच निरोप देते. त्या दिवशी मात्र तिने गुडघ्याला पट्टा बांधला, रिक्षा बोलावली आणि बांबूची टोपली मांडीवर घेऊन बसली. टोपलीवर दुसरी, लहान टोपली पालथी घातलेली होती. दोन्हींच्या कडा सुतळीने शिवल्या होत्या आणि त्यावरून वडिलांचं जुनं उपरणं बांधलं होतं. आत शेवंती होती. पांढरी मांजर, पाठीवर पिवळे डाग, स्वभावाने आखडू.

कंडक्टरने विचारलं, "टोपलीत काय हाय?"

"मांजर."

"मंग मांडीवर घ्या, अन् पुढच्या सीटवर नका बसू. डायवर अपशकुन मानते."

आई हसली. वडील गेल्यानंतर तिला हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं. मग खिडकीशी येऊन तिने सूचना दिल्या. गाडीत दूध द्यायचं नाही, ती ओकते. पोचल्यावर पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायचं. "अन् टोपली फेकू नको. मी येईन तेव्हा भांडी भरायच्या कामी येईल."

गाडी हलली तेव्हा आईचा हात टोपलीवर होता. तो तिने उशिरा काढला.

मी इंदूरला एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर आहे. दुसऱ्यांनी आणलेल्या बातम्या तपासतो, मथळे देतो, छायाचित्रांखालच्या ओळी लिहितो. त्याआधी अमरावतीला एका मराठी पेपरात होतो. ती आवृत्ती बंद झाली आणि मेळघाट ओलांडून मी इकडे आलो. त्या वेळी निघणं सोपं होतं, कारण घरी दोघं होते. वडील गेले आणि घरी एक राहिली. मी एकुलता एक, लग्न केलेलं नाही. पुढे काय करायचं हे ठरवायला आणखी कुणाला विचारावं लागणार नव्हतं, फक्त आईला.

ती वर्षभर इंदूरला यायचं टाळत होती. घर, पेन्शनची बँक, शेजारी, गुडघा, अशी कारणं येत राहिली. मग एका फोनवर ती म्हणाली, "आधी शेवंतीला ने. ती राहिली तर मी येते."

मला वाटलं, थट्टा करते आहे. तसं नव्हतं. तिचं म्हणणं असं की शेवंतीला जागा कळते. मागच्या गल्लीतल्या नव्या घरात तिला एकदा दिलं होतं, ती तिथे पाण्यालाही शिवली नाही. "मला खरं सांगायचं पण," आई म्हणाली. "जेवली तर जेवली सांग, नाही जेवली तर नाही सांग. पेपरात लिहिता तसं नको."

पेपरात आम्ही खरंच लिहितो, हा वाद आमच्यात जुना आहे. वडीलही आईच्याच बाजूने असत.

शेवंती खंडव्यापर्यंत ओरडत होती. तिथे गाडी बदलली तरी ओरडत होती. मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदा आली आणि ती गप्प झाली. मी उपरण्याच्या फटीतून पाहिलं. ती जागी होती.

बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत मी एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. दोन खोल्या, एक गॅलरी. खाली घरमालकीण काकू आणि त्यांची सून. काकूंचे सासरे मिलमधल्या नोकरीसाठी कोकणातून इथे आले. काकूंचा जन्म इंदूरचाच. त्यांची मराठी ऐकताना मला सुरुवातीला वाटायचं की हिंदी चालू आहे, आणि हिंदी ऐकताना वाटायचं की मराठी. मी पाच वर्षं तिथे राहत होतो, पण आमचं बोलणं पाण्याची मोटर आणि महिन्याचं भाडं यापुढे गेलं नव्हतं. दुपारी मी कामावर जातो. परततो तेव्हा खालचे दिवे बंद झालेले असतात.

पहिला आठवडा शेवंती पलंगाखाली होती. आईचा फोन रोज सकाळी यायचा.

"काय करून राहिली?"

"पलंगाखाली आहे."

"जेवली?"

"नाही."

"बरं," एवढंच ती म्हणायची. माझं जेवण झालं का, हा प्रश्न त्या दिवसांत मागे पडला होता.

मग शेवंती जेवली. मग गॅलरीत आली. मग एके दिवशी मी कामावर निघालो तेव्हा जिन्यात काकूंनी मला थांबवलं. "अहो सुधीरजी, तुमची मेहमान सुबह-सुबह झूल्यावर येऊन बसली. इतकी गहरी नींद लागली तिला, मी पोहे पण खाली जमिनीवर बसून खाल्ले."

मी माफी मागितली.

"माफी कसली भिया? बरं वाटलं. ही आमची सून तर माझ्याजवळ दोन मिनिट बैठत नाही."

आतून सून म्हणाली, "आई, मी बैठले तर पोहे कोण बनवणार?"

मी आईला कळवलं. शेवंती जेवते. फिरते. खाली काकूंकडे जाते. आईने विचारलं, मराठी आहेत का? मी हो म्हणालो. "बरं आहे," आई म्हणाली. तिच्या आवाजात तेव्हा मला होकार ऐकू आला. मी गॅलरीशेजारच्या खोलीत तिचा पलंग कुठे बसेल ते मोजून पाहिलं. कमोडसाठी काकूंची परवानगी काढली.

त्याच सुमारास पाळीव प्राण्यांची नगर निगममध्ये नोंद करण्याबद्दल आमच्या पानावर एक छोटी बातमी लागली. कुत्रा असो की मांजर, नोंद हवी, असा तिचा आशय होता. ती मीच तपासली होती. दुसऱ्या दिवशी मी शेवंतीची नोंद करायचं ठरवलं. ती माझ्या नावावर, इंदूरच्या पत्त्यावर लागली की आईला दाखवायला काहीतरी पक्कं मिळेल, असा माझा हिशेब होता. फोनवर आईला मजा वाटली. "मांजराची नोंद? तिच्या आईला इथं कोणी विचारलंही नव्हतं. टिनाच्या छपरावरून आली अन् राहिली."

रेबीजची लस टोचली, डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेतलं, भाडेकराराची प्रत काढली. पाळणाऱ्याचा प्राण्यासोबतचा एक फोटोही लागणार होता. तो काढायला मी रविवारी खाली गेलो. शेवंती झोपाळ्यावर होती. मी तिला उचलून मांडीवर घेतलं, ती उतरली. पुन्हा घेतलं, पुन्हा उतरली. सून मोबाइल धरून उभी होती आणि हसत होती.

"सुधीरजी, ती तुम्हाला पहचानते तरी का?"

शेवटी काकू माझ्या बाजूला बसल्या आणि त्यांनी शेवंतीच्या पाठीवर एक हात ठेवला. "बैठ गं बाई. एक मिनिटाचा तर मामला आहे." ती बसली. फोटो निघाला. काकू चौकटीबाहेर राहतील अशी काळजी सुनेने घेतली होती.

निगमच्या झोन ऑफिसातल्या बाबूजींनी कागद पाहिले. "बिल्ली? बिल्ली वाले कम आते हैं। नस्ल?"

"देसी."

"और नाम?"

"शेवंती."

"अच्छा नाम है। आपके साथ ही रहती है ना?"

"हो," मी म्हणालो. मग, "जी हाँ."

नोंद झाली. गळ्यात अडकवायचं टोकन मिळालं. मी आनंदात होतो. दुपारी डेस्कवरून मी आईला तो फोटो पाठवला आणि खाली ओळ लिहिली: शेवंती आता इंदूरची.

तिचा फोन सकाळची वाट न पाहता लगेच आला.

"हा हात कोणाचा?"

मी फोटो पुन्हा उघडला. शेवंतीच्या पाठीवर एक हात होता. मनगटापर्यंतच होता, हिरव्या बांगड्यांसह. मी तो पाहिलाच नव्हता. आमच्या कामात फोटोच्या कडा आधी तपासतात.

"कोणी आहे का रे तिथं?" आईने विचारलं. आवाज एकदम हलका झाला होता. तिला काय वाटलं ते मला कळलं.

"काकू आहेत. सत्तरीच्या."

"हो," ती म्हणाली. "हात म्हातारा आहे. आता दिसला."

मग ती बराच वेळ फोटोच पाहत असावी. मागे कुकरची शिट्टी झाली. ती उठली नाही.

"ती तुझ्याकडे पाहूनच नाही राहिली, सुधीर. त्या बाईकडे पाहून राहिली."

"फोटोसाठी धरली होती त्यांनी."

"दिवसभर खालीच असते?"

"मी कामावर असतो तेव्हा असते."

"अन् तू आल्यावर?"

तिने खरं सांगायला सांगितलं होतं. "तेव्हाही खालीच," मी म्हणालो. "वर येते कधी कधी. वास घेते, जाते."

"वर कोण असते मग?"

"कुणी नाही."

मी बाजू मांडली. काकू चांगल्या आहेत, मराठी आहेत, घर माणसांचं आहे. शेवंती खाली रमली तशी तूही रमशील. तुम्ही दोघी झोपाळ्यावर बसाल. आईने ते सगळं ऐकून घेतलं.

"ती मांजर आहे बाबू," ती म्हणाली. "कोणाच्याही पायरीवर बसली तरी तिला शोभते. मी रोज कोणाच्या घरी जाऊन बसू?"

पाच वर्षं मी स्वतः त्या पायरीवर बसलो नव्हतो.

येत नाही असं ती म्हणाली नाही. ते शब्द तिने आजवर उच्चारलेले नाहीत. ती एवढंच म्हणाली, "तिचं बरं झालं. तिला परत नको आणू." कुकर उतरवायला तिने फोन ठेवला.

त्यानंतरही फोन येत राहिले आणि प्रश्न तोच राहिला, काय करून राहिली. मी झोपाळ्याबद्दल सांगतो, पोह्यांबद्दल सांगतो. गळ्यातलं टोकन काकू पितांबरीने घासतात हे सांगितलं तेव्हा ती खूप हसली. माझ्या खोल्यांबद्दल ती विचारत नाही. मोजून ठेवलेल्या जागेत मी वर्तमानपत्रांची रद्दी ठेवतो.

दिवाळीला परतवाड्याला गेलो तेव्हा टोपली सोबत नेली. का नेली, याचं कारण मी स्वतःलाही नीट दिलं नव्हतं. कदाचित आईला पुन्हा विचारायला एक निमित्त राहील, असं वाटलं असेल. आईने ती दारातच हातात घेतली, उन्हात झटकली आणि स्वयंपाकघरात नेली. अंगणात शेवंतीची ताटली पालथी घालून ठेवलेली होती, धुतलेली. वडिलांच्या खुर्चीवर मांजराचे केस अजून चिकटलेले होते.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिने टोपली माझ्यापुढे आणून ठेवली. ती भरलेली होती. लोखंडी कढई, तवा, पितळेचा डबा, फोडणीची पळी, मिसळणाचा डबा, दोन ताटं. प्रत्येक भांडं कागदात गुंडाळलं होतं. वरून तेच उपरणं.

"आई, हे तू येताना आणणार होतीस."

"मला एकटीला आता कितीशी भांडी लागतात?" ती सुतळी ओढत म्हणाली. "कढईला आधी तेल लाव. नाहीतर गंजते. अन् बाहेरचं खाणं कमी कर."

मला सोडायला ती फाटकापर्यंत आली.

त्या प्रवासात टोपली पुन्हा माझ्या मांडीवर होती. ती आता जड होती आणि काही बोलत नव्हती. मोरटक्क्याच्या पुलावर बाजूच्या सीटवरच्या बाईंनी नदीत नाणं टाकलं आणि मला विचारलं, "घर जा रहे हो?" मी हो म्हणालो. जाताना याच गाडीत कुणी विचारलं असतं तरी हेच म्हणालो असतो.

घरी पोचलो तेव्हा शेवंती काकूंच्या उंबऱ्यावर होती. मी जिना चढू लागलो आणि ती उठून मागोमाग आली. कित्येक आठवड्यांत ती आपणहून वर आली नव्हती. मी टोपली खाली ठेवली. तिने टोपलीभोवती फेरी मारली. उपरण्याला नाक लावलं. मी गाठ सोडली तशी तिने डोकं आत घातलं, एकेका भांड्याचा वास घेतला, कढईच्या कानाशी गाल घासला आणि तिथेच बसली. मी हललो नाही.

थोड्या वेळाने खालून काकूंनी हाक मारली, "शेवंते, कुठे गेलीस गं?" तिने कान टवकारले. ती उठली, अंग ताणलं आणि जिना उतरून गेली.

आईचा फोन आला. इतकी वर्षं तिचा प्रश्न ठरलेला होता: खोलीवर पोचलास का? शेवंती इथे असतानाही, नोंद झाल्यावरही, तिच्यासाठी ही खोलीच होती.

"पोचलास का रे घरी?" तिने विचारलं.

"पोचलो," मी म्हणालो.

"ती काय करून राहिली?"

"वर आली होती. आता खाली गेली."

"बरं," आई म्हणाली. "कढईला तेल लाव."