तीन मिलिमीटर डावीकडे

२१ मार्च १९९६, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. मगदल्ल्याच्या धक्क्याशी तापीची भरती पूर्ण होऊन थबकली होती आणि एका परदेशी मालकासाठी बांधलेली शिडाची यॉट प्रथमच स्वतःच्या तोलावर तरंगत होती. तो तोल मोजणे हे माझे काम होते.

पोकळ डोलकाठी, बोट कलली तरी समतल राहणारी झुलती शेगडी, एकही कोपरा टोचू नये म्हणून गोलावलेले सागवान. ही सारी ऐट तळाशी बोटीचा तोल धरणाऱ्या शिशाच्या कण्यावर विसंबून होती. तो कणा सचिन गावातल्या ओतशाळेत माझ्या वडिलांनी ओतला होता. बोल्टही त्यांनीच आवळले. डिसेंबरात ते गेले. ओतकामात पोकळी राहून बोट एका बाजूला कलली, तर कणा कापावा लागणार होता आणि तसा शेरा मला लिहावा लागणार होता.

"बोट रिकामी आहे ना?" मी विचारले.

"रिकामीच शे," धुळ्याकडचे सगळे कारागीर म्हणाले.

दोन मीटर दोऱ्याचा ओळंबा मात्र शून्यावर येईना. तीन मिलिमीटर डावीकडे.

"बेन, हजी रंग नथी सुकायो ने होडी झूकवा मांडी!" रंग वाळायच्या आतच होडी झुकली म्हणून सुपरवायझर हसला.

माणसांना मधल्या रेषेवर उभे करून पाहिले. ओळंबा तिथेच. मग मी खाली उतरले. मालकाच्या खोलीत, डाव्या पलंगाखाली, वडिलांची हत्यारांची पेटी होती. सुतारांनी तिच्याभोवतीने पॉलिश केले होते. कडीवर धूळ नव्हती.

"ही रिकामी बोट?"

वडिलांबरोबर धुळ्याहून आलेले काका दारातच थांबले. "ते सामान नहीं, माय. तुना बापनी पेटी शे ती. वरीस सरत नहीं तोवर कोन हलाडी?"

"वजन तर हवे."

"मंग तू उचल. पन जागा सोडू नको."

वजनाच्या ताणकाट्याचा हूक कडीत अडकवून मी पेटी जागच्या जागी बोटभर उचलली. ओळंबा हलला नाही, सुपरवायझरने वरून सांगितले. भार माझ्या हातात आला होता; बोटीतून गेला नव्हता.

तेवढ्या वजनाने, मधल्या रेषेपासूनच्या तेवढ्या अंतरावरून, तीन मिलिमीटरचा पूर्ण हिशेब लागला. कणा निर्दोष होता. पेटी 'सुटे सामान' या रकान्यात लिहायला हात धजेना. 'बोटीवरील माणसे' या रकान्यात, माझ्या वजनाखाली, मी नोंद केली: डावी बाजू, २२.४ किलो.