माशांच्या कांजिण्या

आमच्या मामंजींनी आयुष्यात कुणाचे लाड केले असतील तर ते चार सोनेरी माशांचे. मिलमधून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात पत्र्याच्या चौकटीची काचपेटी घेऊन आले. तिला हात लावायची कुणाची टाप नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. घरात माणसं तीन, मासे चार, आणि मामंजी बोलायचे ते माशांशी. "सूनबाई, चहा" आणि "सूनबाई, दार लाव" एवढ्यावर माझी बोळवण. नाही म्हणायला, वरणाला फोडणी नसली की ताट सरकवून "हे काय?" म्हणायचे.

त्या चैत्रात नणंदेच्या घराचं बांधकाम निघालं आणि मामंजी तीन आठवड्यांसाठी मोडनिंबला निघाले. जाताना पायात चपला सरकवता सरकवता म्हणाले, "मासे तुझ्या हवाली. चिमूटभर खाणं घालायचं, जास्त नाही." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वर्षभरात पहिल्यांदा या माणसाने माझ्यावर काहीतरी सोपवलं होतं. मनाशी ठरवलं, परत येतील तेव्हा चारच्या चार मासे ठणठणीत दाखवायचे.

आठव्या दिवशी सकाळी बघते तर माशांच्या अंगावर पांढरे ठिपके. रवा भुरभुरल्यासारखे. गल्लीत तेव्हा घरोघरी कांजिण्यांची साथ होती. म्हटलं, झालं! आमच्या माशांनाही आल्या.

आता कांजिण्यांत काय करतात ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पेटीवर कडुलिंबाचा डहाळा टांगला, थोडा पाला पाण्यात सोडला. अंगाची आग निवावी म्हणून माठातलं गार पाणी तांब्या-तांब्याने ओतलं. पेटीला ओलं पोतं गुंडाळलं. आणि घरात फोडणी बंद! फोडणीचा ठसका कांजिण्यांच्या घरात चालत नाही.

दुसऱ्या दिवशी पांढरंफटक वरण बघून आमचे हे भडकले. "मासे आजारी, आणि पथ्य मी पाळायचं?"

"घरात आल्यात म्हटल्यावर सगळ्यांनीच पाळायचं असतं."

"अगं, माशांना कधी कांजिण्या होतात का? खाज सुटते का त्यांना?"

"सुटते! या, बघा." आणि खरंच, मासे तळाच्या खड्यांवर अंग घासत होते. मी आपली विजयी मुद्रेने आणखी दोन तांबे गार पाणी ओतलं.

चौथ्या दिवशी एक मासा मेला. जास्वंदीच्या मुळाशी पुरला आणि तिथेच बसून ढसाढसा रडले. उरलेले तिघे तळाशी पडून होते. मामंजी येऊन रिकामी पेटी बघणार, आणि पुन्हा या घरात माझ्या हाती काडीही सोपवणार नाहीत, एवढंच डोक्यात घोळत होतं.

माझी दया आली की फोडणीची आठवण, देव जाणे, पण त्याच दिवशी हे कॉलेजातल्या एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठून आले. म्हणाले, "कांजिण्या नाहीत त्या, बारीक कीड आहे. माशाच्या कातडीत शिरते आणि त्याच्याच जिवावर जगते. वाढली की गळून तळाशी जाते, आणि तिची पिल्लं पुन्हा माशाला धरतात. गार पाण्यात हे आठवडेच्या आठवडे चालतं. कोमट पाण्यात कीड लवकर गळते आणि मिठाने पिल्लं मरतात."

मी कपाळावर हात मारून घेतला. चार दिवस मी माशांची नाही, किडीचीच सेवा केली होती की!

पण कोमट म्हणजे किती, आणि मीठ किती? प्राध्यापकांनी सांगितलेलं मोजायला घरात काही नव्हतं. शेवटी शेजारच्या अक्काला हाक मारली. तेलुगू घर, सूत रंगवायचं काम. तिचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी जांभळे. रंगाच्या पाण्याची ऊब आणि त्यातलं मीठ ती नुसत्या अंदाजाने सांगायची. पेटीत बोट बुडवून ती ओरडलीच, "अगंबाई! एवढं गार? ह्यात सूतबी रंग धरत न्हाई, मासा काय जगतोय?"

तिने पोतं काढलं, पाला उपसला आणि पेटी खिडकीशी सरकवायला लावली. खडे मीठ वेगळ्या पाण्यात विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं ओतलं. दर वेळी थेंब जिभेला लावायची. "जरासं कळलं की बास. लई नको." मी रोज सकाळी रबरी नळीने तळाचं पाणी ओढून काढायची आणि तितकंच कोमट, खारं नवं पाणी घालायची. बाकीचं काम सोलापूरच्या झळांनी केलं. ज्या उन्हाला मी वर्षभर शिव्या घातल्या, त्याला पहिल्यांदाच हात जोडले. मामंजी येण्याच्या आदल्या दिवशी तिघांची अंगं लख्ख झाली होती.

मामंजी आले ते तडक पेटीपाशी. "चौथा?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. डहाळा, माठ, पोतं, फोडणी, अक्का. आता आवाज चढणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले.

"फोडणी किती दिवस बंद होती?"

"चार."

बघते तर मामंजींचे खांदे हलत होते. हसत होते! त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पण दुसऱ्या दिवसापासून पुन्हा "सूनबाई, चहा." मेलेल्या माशाबद्दल चकार शब्द नाही. राग गेला की मनात ठेवलाय, मला काही कळेना.

आठवड्याभरात मला ताप भरला आणि अंगावर फोड उठले. या मात्र अस्सल कांजिण्या. मी आतल्या खोलीत पडून होते. दुपारी दाराशी धडपड ऐकू आली. मामंजी आणि हे, दोघं मिळून ती पेटी आत आणत होते. पाणी डुचमळत होतं. माझ्या खाटेशी स्टुलावर ती ठेवून मामंजी म्हणाले, "पडल्या पडल्या बघत राहा. खाणं तूच घाल."

स्वयंपाक तेच करत होते. तिसऱ्या दिवशी यांचा आवाज आला, "अण्णा, वरणाला जराशी फोडणी..."

"गप जेव," मामंजी म्हणाले. "घरातलं माणूस आजारी आहे."

मी माशांकडे तोंड केलं आणि पदर डोळ्यांना लावला.