बुधवारचं शेवटचं पान

रिठे आदल्या दिवशीच भिजत घातले होते. बुधवारी सकाळी ते कुस्करून फेस काढत होतो, तेवढ्यात कुडाळहून हसनभाईंच्या मुलीचा, रुकय्याचा, फोन आला. "काका, अब्बा गेले..." एवढंच ती म्हणाली. तपासणीसाठी म्हणून ते तिच्याकडे गेले होते आणि बुधवारपर्यंत येतो, असं मला बजावून गेले होते. दफन तिकडेच झालं. मी जाऊन आलो. मालवणला परतून घर उघडलं, तर भांड्यातलं रिठ्याचं पाणी आंबून गेलं होतं. महिना होत आला, तो वास अजून नाकात आहे.

आमच्या इमारतीत खाली हसनभाईंचं बंद केलेलं शिवणकामाचं दुकान आणि मागे त्यांची खोली, वर मी. वर्षानुवर्षं जाता-येता मान हलवण्यापुरती ओळख. मैत्री झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. माझी बायको सुनंदा गेली, आणि आयुष्यभर कचेरीत फायली हलवलेल्या माणसावर बांगडे साफ करायची वेळ आली. आमची आई माशांचं पाणी माडाच्या मुळात ओतायची. तेच डोक्यात. मी ते पाणी खिडकीतल्या क्रोटनला घातलं. सुनंदानं आचऱ्याहून, माहेराहून, फांदी आणून काचेच्या बाटलीत रुजवलेलं ते झाड. आम्हाला मूल नाही. तिच्या हातचं जिवंत म्हणावं असं घरात तेवढंच उरलं होतं. आठवडाभर मी इमानानं माशाचं पाणी घातलं. आधी वास सुटला, मग मुंग्यांची रांग लागली, आणि मुंग्यांच्या मागोमाग पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसायला लागला. पानं गळायला लागली तेव्हा मी घाबरलो. कुंडी उचलली आणि औषधाच्या दुकानाकडे निघालो.

"खंय चललंस रे, सदा?" दारात बसलेल्या हसनभाईंनी विचारलं.

"बाजारात. फवारूक औषध आणतंय."

"झोपतंस त्याच खोलयेत मा? मगे थंय इख कित्याक मारतंस?" त्यांनी माती हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. "माशाचा पाणी घातलंस? अरे, ता माडाक. घरातल्या झाडाक घालून तू मुंग्यांका आवतान दिलंस."

त्या कापसाला पिठ्या ढेकूण म्हणतात आणि मुंग्याच त्याला सांभाळतात, हे मला त्या दिवशी कळलं. हसनभाईंनी कुंडी एका पालथ्या करवंटीवर ठेवली आणि ती करवंटी पाण्याच्या ताटलीत. मुंग्यांची वाट तुटली. मग रिठ्याच्या पाण्यात करंजेलाचे, म्हणजे करंजाच्या तेलाचे, थेंब टाकून ते दुधासारखं होईपर्यंत घुसळलं. करंजेल ते शिवणयंत्राच्या तेलाच्या कुपीत ठेवत. बूड दाबलं की टुक् असा आवाज आणि एक थेंब. मी पान धरायचं, त्यांनी मलमलीच्या चिंधीनं खालून पुसायचं. शिंप्याची बोटं ती, बेचक्यातला एक कणही सुटायचा नाही. दर बुधवारी वर माझ्याकडे हा कार्यक्रम, मग चहा. क्रोटनला नवी पानं फुटली तेव्हा मी हसनभाईंसमोर रडलो. ते कुपी पुसत बसले.

एक गोष्ट मात्र मला खटकायची. तळाचं शेवटचं पान ते स्वतः पुसायचे नाहीत, मलाही पुसू द्यायचे नाहीत. "ह्या रवांदे. फुडल्या बुधवाराक." त्याच पानावरून कीड परत चढायची. म्हाताऱ्याला वेळ जात नाही, बसू दे बिचाऱ्याला, असं म्हणून मी सोडून द्यायचो. गेल्या वर्षी माझा तिरसटपणा उफाळला आणि एका गुरुवारी मी ते पान गुपचूप पुसून टाकलं. झाड लख्ख झालं. पुढच्या बुधवारी त्यांनी सगळी पानं उलटून बघितली, चहा अर्धा ठेवला आणि उतरून गेले. नंतरचे दोन बुधवार मी दाराकडे बघत काढले. बोलवायचं कसं? बोलवायला काही कामच नव्हतं. तिसऱ्या बुधवारी ते स्वतःच जास्वंदीची कुंडी घेऊन वर आले, पांढऱ्या कापसानं भरलेली. "माज्याकडे पण कीड इली रे," म्हणाले. मला किती बरं वाटलं, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

परवा रुकय्या खोली आवरायला आली. जास्वंद आणि तेलाची कुपी तिनं माझ्या हातात ठेवली.

"काका, ही जास्वंद माझ्याकडची. अब्बांनी किडकी कुंडीच मागून घेतल्यानी. मी इचारलंय, चांगली सोडून ही कित्याक? तर म्हणाले, सदा एकटो पडलोहा. कीड गेली तर तो दार उघडूचो नाय."

इतकी वर्षं मी समजत होतो की सोबत मी त्यांना देतोय.

आज बुधवार. रिठे भिजवले होते. एका हातानं पान धरायचं आणि दुसऱ्यानं पुसायचं, हे जमतं, वेळ लागतो. कुपी दाबली की टुक् होतं, आणि मी सवयीनं समोर बघतो... जास्वंदीची सगळी पानं पुसून झाली. तळाचं एक उरलं, त्यावर चार-पाच पांढरे ठिपके. चिंधी भिजवलेली होती, हातही तिथवर गेला होता. ते पान मी राहू दिलं.

पुढच्या बुधवारी कोणी जिना चढून येणार नाही, हे मला कळतं. तरी मंगळवारी रिठे भिजत घालावे लागतील.