पाहुण्यांना कुणी चावत नाही

मंजू हॉलमध्ये आली, हात जोडून "नमस्ते" म्हणाली, एक बालगीत हावभावांसकट म्हणून दाखवलं, मार्तानं पुढे केलेला बिस्किटाचा पुडा घेतला, "थँक्यू" म्हणाली आणि निघून गेली. सोफ्यावर बसलेल्या मार्ता आणि पावलोनं टाळ्या वाजवल्या. आमचे सचिव भाऊसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा मॅडम, किती गुणाची पोर! आठवडा झाला, एकदा सुदीक रडली न्हाई."

मला तीच काळजी लागली होती.

मी नगरच्या एका दत्तक संस्थेत समाजसेविका आहे. मूल आणि नवे आई-बाप यांची गाठ घालून देणं आणि ती टिकते का ते बघणं हे माझं काम. याला आमच्याकडे बाँडिंग म्हणतात. सोप्या मराठीत, एकमेकांची सवय होणं. मार्ता आणि पावलो इटलीहून आले होते. मंजू सहा वर्षांची. मिरजगावच्या बाजूची, तान्ही असताना आमच्याकडे आली, तेव्हापासून संस्था हेच तिचं घर. नाव अर्थातच बदललंय.

भाऊसाहेब काष्टी गावचे. त्यांच्या घरी पोस्टमनसुद्धा जेवल्याशिवाय परत जात नाही. तेव्हा परदेशातून मूल न्यायला आलेल्या माणसांचं काय झालं असेल याची कल्पना करा. पहिल्या दिवशी औक्षण, शाल, श्रीफळ. पावलोला फेटा बांधला. पुढे रोज चारच्या सुमारास दोघांना हॉलमधल्या सोफ्यावर बसवायचं. आतमध्ये हिराबाई मावशी मंजूला न्हाऊमाखू घालून, तेल लावून, वेण्या घालून, पावडर थापून, लाल फ्रॉक चढवून बाहेर पाठवायच्या. मार्ता एकदा स्वतः कंगवा घेऊन उठली. "तुमी बसा, तुमी बसा," म्हणत मावशींनी कंगवा काढून घेतला. पावलो चहाचा रिकामा कप आत ठेवायला निघाला, तर दोन जणी धावल्या. त्या माणसाला आठवड्यात स्वतःच्या हातानं काही उचलू दिलं असेल तर तो मोबाईल.

कलेक्टर ऑफिसची तारीख जवळ आली होती. हल्ली दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. आणि मूल पाच वर्षांपुढचं असून परदेशी जाणार असेल, तर त्याची स्वतःची संमती लागते. नुसती सही-अंगठा नाही. आमच्याकडे तिथल्या अधिकारी मॅडम मुलाशी स्वतः बोलतात. मूल "नाही" म्हणालं की तिथंच सगळं थांबतं. म्हणून मी मंजूला गाठलं. ती मागच्या अंगणात बाकीच्या मुलींबरोबर मटार सोलत होती. निम्मे खात होती.

"मंजू, मार्ता-पावलोबरोबर जायचं ना?"

"कुठं?"

"त्यांच्या घरी. ते तुझे आई-बाबा होणार ना."

ती हसायलाच लागली. "आई-बाबा न्हाईत त्ये. पाहुनं हायेत."

"कशावरून?"

"कायबी काम करत न्हाईत. नुसतं बसत्यात, च्या पित्यात, फोटू काढत्यात." मग माझी कीव आल्यासारखी म्हणाली, "ताई, पाहुनं जात्यात. आपन त्यांच्यासंगं जायचं नसतं."

तिचं काय चुकलं? संस्थेत कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाला माणसं येतात. खाऊ वाटतात, गाणी म्हणून घेतात, फोटो काढतात, गाडीत बसतात, जातात. मुलांना एवढंच ठाऊक असतं की पाहुण्यांशी गोड वागायचं, मग ते जातात. मंजू आठवडाभर मन लावून गोड वागत होती.

 कलेक्टर ऑफिसात ती "नाही" म्हणाली असती तर मार्ता-पावलो रिकाम्या हातानं परत गेले असते. ते दुःख मोठंच, पण ते मोठी माणसं आहेत. मंजूचं काय? तान्ह्या बाळासाठी लोक रांगा लावतात. सहा वर्षांच्या मुलीची फाईल कुणी उघडत नाही. हे घर गेलं तर दुसरं मिळेल असं मला अजिबात वाटत नव्हतं.

मी तडक भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"भाऊसाहेब, पाहुणचार बंद करा."

"म्हंजी?"

"शाल नको, सोफा नको, चहा नको."

"मॅडम, मानसं सातासमुद्रापलीकडनं आल्यात, आन् च्या सुदीक द्यायचा न्हाई? आमच्याकडं असलं कुनी केलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहायची न्हाई."

"चहा त्यांनीच करायचा. आणि मंजूला त्यांच्याकडे राहायला पाठवायचं, आजच. आदेश होईपर्यंत मूल पालकांकडे सांभाळायला देता येतं, भारतातच. त्यांनी सावेडीत भाड्यानं फ्लॅट घेतलाय, तो रिकामा पडलाय. दिवसभर आपण त्यांना इथं सोफ्यावर बसवतोय."

"आन् पोर रडली म्हंजी?"

"रडू दे. तिनं ऑफिसात नाही म्हटलं तर?"

 भाऊसाहेब म्हणाले, "तसं न्हाई म्हनली तर लई वंगाळ हुईल." एवढ्यावर त्यांनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी आमचा ड्रायव्हर मोठा डबा घेऊन सावेडीकडे निघालेला मला फाटकात सापडला. "भाऊसाहेबांनी दिलाय. नुसतं वरन हाय," तो म्हणाला. मी झाकण उघडलं. शेंगोळ्या, भाकरी, ठेचा आणि तळाशी पुरणपोळ्या होत्या. डबा मी संस्थेत परत नेला. आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला, भाऊसाहेबांसकट.

सावेडीत सुरुवात काही बरी नव्हती. मंजू खुर्चीच्या कडेवर टेकून बसायची आणि कुणी न सांगता गाणी म्हणायची. मार्तानं मला इंग्रजीत विचारलं, "ती सारखी गाते. म्हणजे खूश आहे ना?"

"नाही," मी म्हणाले. "ती ड्यूटीवर आहे."

मी दोघांना समजावलं. फोटो बंद, भेटवस्तू बंद. घर झाडा, भांडी घासा, तिलाही हाताशी घ्या. अंघोळ तुम्हीच घाला, वेणी तुम्हीच घाला. चुकली तर रागवा. मार्ताचा चेहरा पडला. "इतकी वर्षं वाट पाहिली, आणि मी तिला रागावू?" मी म्हटलं, रागवा. पाहुणे रागावत नाहीत.

पुढच्याच सकाळी तिचा फोन आला. ती हुंदके देत होती. मी रिक्षा करून गेले. प्रकार असा झाला होता की, मार्तानं वेणी घालायला घेतली. हात नवखा, केस गुंतले, तिनं ओढले. मंजू किंचाळली, "आगं दुखतंय! हळू की!" मार्ताला शब्द कळले नाहीत, ती विंचरत राहिली. मग मंजू वळली आणि तिच्या मनगटाला कडकडून चावली.

दातांचे ठसे स्पष्ट उमटले होते. मंजू मोरीच्या दाराआड उभी होती, अर्ध्या वेणीनिशी. पावलो मध्ये उभा राहून कुणाची समजूत काढावी याचा विचार करत होता.

"ती माझा द्वेष करते," मार्ता म्हणाली.

मी म्हटलं, अभिनंदन. मला इतका आनंद झाला की मी चहा मागितला. पावलोनं केला. फार वाईट होता. तो पीत मी सांगितलं की पाहुण्यांना कुणी चावत नाही. जो माणूस जाणारच आहे, त्याच्यावर कोण चिडेल? त्या दिवशी रिपोर्टमध्ये मी लिहिलं, "प्रगती समाधानकारक."

त्यानंतर प्रगती फारच झाली. मंजूनं दूध सांडलं, मुद्दाम. पावलोचा बूट बादलीत बुडवला. तो इटालियनमध्ये ओरडला, ही कमरेवर हात ठेवून "आरं काय वरडतुस!" म्हणाली. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता आणि भांडण व्यवस्थित चाललं होतं. तिघं भंडारदऱ्याला गेले तेव्हा अकोले गावाच्या पुढच्या वळणांवर ती पावलोच्या अंगावर ओकली. त्यानं शर्ट धुतला, तिलाही धुतलं, आणि ओल्या बनियनवरच तिला खांद्यावर घेऊन धरण दाखवलं. येताना ती त्याच्या मांडीवर झोपली. गाणी बंद झाली होती.

तरीही कलेक्टर ऑफिसात जाताना मंजू काय म्हणेल याची मला खात्री नव्हती. अधिकारी मॅडम चांगल्या होत्या. मंजूला खुर्ची दिली, चॉकलेट दिलं. "बाळ, यांच्याबरोबर कायमचं राहायला जाशील का? नाही म्हणालीस तरी कुणी रागावणार नाही हं."

 मंजूनं चॉकलेट टेबलावर ठेवून दिलं. मार्ताला रडू फुटलं. भाऊसाहेब छताच्या पंख्याकडे बघायला लागले. मॅडमनी परत विचारलं.

"आधी त्यास्नी इचारा," मंजू म्हणाली.

"काय विचारू?"

"मी चावती. दूध सांडती. बूट भिजिवला. तरी नेत्यात का मला? आन् मागारी तर न्हाई ना आनून सोडायचं?"

 हे इंग्रजीत सांगायचं काम माझं होतं. मला ते एका दमात जमलं नाही. सांगून झाल्यावर पावलो खुर्चीतून उठला, मंजूसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याला येत असलेल्या मोजक्या मराठीतला एक शब्द म्हणाला, "हो." मग मार्ताला हात देऊन उठवलं. तीही म्हणाली, "हो."

मंजूनं दोघांना नीट निरखून पाहिलं. मग मॅडमना म्हणाली, "जाती मग."

आदेश झाला, पासपोर्ट झाला, व्हिसा झाला. निघायच्या दिवशी गाडी आमच्या फाटकाशी आली. हिराबाई मावशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या, मंजू हात हलवेल म्हणून. मंजू खिडकीच्या जागेवरून पावलोशी भांडत होती. ती जिंकली, आणि गाडी गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"बघितलं बी न्हाई हो ताई," मावशी म्हणाल्या.

आपल्याला हेच तर हवं होतं, मी त्यांना म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि रडतच राहिल्या. मलाही चांगलंच वाईट वाटलं. आमच्या कामात मुलाला आपली गरज उरली नाही की काम पुरं झालं असं धरायचं. त्याचं कौतुक करायला मात्र ते मूल तिथं थांबलेलं नसतं.