पाय घसरला, असं मी छापलं

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून लपवलेल्या बाकीच्या सगळ्या भानगडी तिने केव्हाच हुडकून काढल्या आहेत, तेव्हा ही किती खोल दडवली असेल बघा.

माझी एक गोष्ट मात्र अख्ख्या नागपूरच्या वार्ताहरांना पाठ आहे. मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना सोडून मी चहा प्यायला गेलो आणि न पाहताच बातमी ठोकून दिली, ती. मीच सांगत फिरतो ना. लग्नाच्या पंगतीत, निरोप समारंभात, तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर. लोक पोट धरून हसतात. कामचुकार माणूस कुणाला आवडत नाही? पण ती गोष्ट खोटी आहे. मी चहाला गेलोच नव्हतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका मराठी दैनिकात मी खेळाच्या बातम्या लिहायचो. पुरुषांचा सामना असला की माझी लेखणी दंड थोपटायची. खेळाडूचं आडनाव, तुफानी चढाई, मांडीला मगरमिठी, धूळ चारली — नुसती आतषबाजी. मुलींची बातमी निराळी. तिथे ‘कुमारी’ लावायचं, वेणीचा उल्लेख करायचा, कुणाला हरिणी म्हणायचं, आणि शेवटी ‘भगिनींचे कौतुक करावे तेवढे थोडे’. तेवढ्याने काम भागायचं. गुण किती, कुणी कुणाला बाद केलं, हे कुणी विचारतही नसे. आमचे साहेब म्हणायचे, “पोरींची बातमी आहे, घरच्या बायका वाचतात. जरा गोड लिहीत जा गा.” मी गोड लिहायचो. तरबेज होतो त्यात, खोटं कशाला सांगू?

तर तो सामना. महाल भागातलं मैदान, दुपार उतरलेली, आमच्या नागपूरच्या पोरी आणि समोर अमरावतीच्या. मी अगदी रेषेला लागून उभा होतो. आमच्याकडून वत्सला धकाते खेळत होती. गोळीबार चौकातल्या कोष्ट्याची पोर, घरी हातमाग, सकाळी सुताच्या कांड्या भरायच्या आणि संध्याकाळी मैदान. अंगाने लहानखुरी. तिच्याकडे पाहून कुणाला वाटलं नसतं की ही कुणाला अडवेल.

अगदी शेवटची चढाई उरली होती आणि गुण बरोबरीत. मैदानात आमच्या दोघीच शिल्लक. अमरावतीची ती दांडगी चढाईवाली आत आली, वत्सलाच्या जोडीदारणीला शिवली आणि वळली. ती मध्यरेषेपर्यंत पोचली असती तर गेला होता सामना. वत्सलाने मागून झेप घेतली आणि तिच्या मांडीला दोन्ही हातांनी विळखा घातला. ती दांडगी तिला फरफटत नेत होती. वत्सलाचा गाल तिच्या गुडघ्याला घासत होता, कोपर सोलून निघालं होतं, पण हात सुटले नाहीत. त्या दांडगीची बोटं रेषेला लागायला वीतभर कमी पडली, आणि तिचा दम तुटला.

मी ओरडलो. माझी टोपी उडाली, ती शोधायचंही भान नव्हतं. पुरुषांचे एवढे सामने पाहिले, तशी पकड मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. हे आज सांगतो आहे. तेव्हा सांगायला हवं होतं, नाही का?

कार्यालयात आलो, कागद ओढला — आणि ‘मांडी’ या शब्दावर अडलो. हसू नका. पुरुषांच्या बातम्यांत हा शब्द मी मिठासारखा वापरायचो. पण एका मुलीने दुसऱ्या मुलीची मांडी धरली, हे लिहायचं कसं? सहकारी विचारतील, फारच बारकाईने पाहत होतास रे? त्यातच धरमपेठेतल्या एका घरी माझं लग्न जुळत होतं. होणारे सासरे माझ्या बातम्या घरात मोठ्याने वाचून दाखवत. त्यांच्या तोंडी तो शब्द, समोर त्यांची मुलगी... मला घाम फुटला. ‘पाय धरला’ एवढं तरी लिहिता आलं असतं. पण पाय धरला म्हटलं की कुठे, कसा, हे आलंच. शेवटी मी लिहिलं, ‘ऐन मोक्याच्या क्षणी पाहुण्या खेळाडूचा पाय घसरला आणि विजयमाला आपल्या भगिनींच्या गळ्यात पडली.’ मथळा दिला, ‘भगिनींवर दैव प्रसन्न’. साहेब खूष. सासरेही खूष.

आठवडाभराने वत्सला कार्यालयात आली. कोपरावर खपली, हातात आमच्या पेपरातलं कात्रण. शहराबाहेर, कोराडीच्या वाटेवर एका कारखान्यात खेळाडूंसाठी नोकऱ्या निघाल्या होत्या. पगार पक्का. घरचे माग बंद पडत चालले होते आणि पाठीवर भावंडं. तिथल्या साहेबाने कात्रण मागितलं, वाचलं आणि परत दिलं.

“तो म्हणते, पाय घसरून जितल्या तुमी, त्याच्यात तुमचा खेळ कोनता?” ती म्हणाली. “भाऊ, तिचा पाय नाई घसरला. मी धरलं तिले. तुमी काहून लिवलं असं? मॅच पायली का नाई तुमी?”

सगळं कार्यालय माझ्याकडे पाहत होतं. इथेच — इथेच काय ते. मी म्हणालो, “चहाला गेलो होतो. कुणीतरी सांगितलं, ते लिहिलं.”

तिने कात्रण माझ्यापुढे सरकवलं. “मंग आता खरं लिहून द्या न भाऊ.”

मी म्हणालो, “जे पाहिलंच नाही, ते आता कसं लिहू?”

काय चोख उत्तर. तिलाही पटलं. “हे बी खरंच हाय,” ती म्हणाली. “मले वाटलं, पाहून लिवलं. तसं असतं तं लई लागलं असतं.” आणि चक्क मोकळेपणाने हसली. ती नोकरी तिला मिळाली नाही. माझं लग्न मात्र ठरल्या मुहूर्तावर झालं आणि जेवणावळ उत्तम झाली.

तिचं हसू मी चांगलं वापरलं. तेव्हापासून चहाची गोष्ट सांगू लागलो, आणि दर वेळी ती जास्तच रंगायची.

पुढे ऐंशीच्या दशकात तिच्याकडूनच बोलावणं आलं. ती आता एका शाळेत खेळ शिकवत होती, अर्ध्या पगारावर. तिच्या पोरींनी स्पर्धा जिंकली होती आणि बक्षीस द्यायला पाहुणा म्हणून मी. अंगणात सतरंजी, पोरी रांगेत बसलेल्या, गुडघे खरचटलेले. वत्सला जाड झाली होती आणि आवाज खणखणीत. मला वाटलं, आता चहाची गोष्ट निघणार, हशा होणार. मी हसायची तयारी करूनच बसलो होतो.

गोष्ट निघालीही. पण वत्सला हसवायला सांगत नव्हती. पोरींना म्हणाली, “पेपरवाले लई पायले मी. पन हे भाऊ येगळे हायेत. सगळ्यायच्या समोर, माझ्या तोंडावर सांगतलं यायनं, मॅच पायली नाई म्हनून. खोटं नाई बोलले. पोरीहो, मानसानं असं असावं.”

पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी उठलो, हात जोडले आणि त्या टाळ्या घेतल्या.