बावीस जणांचा आहेर

आमच्या नगरकडे लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात. ती टोपी घालायची नसते. ती कपाटात ठेवायची आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कुणाला द्यायची. दहा लग्नं हिंडून आलेली टोपीसुद्धा घेणारा दोन्ही हात जोडून घेतो, आणि देणाऱ्याला आपण काही दिलं असं वाटतं. शतक संपता संपता माझ्या साडूने हाच व्यवहार कॉम्प्युटरवर केला आणि त्याला प्रगती म्हटलं.

साडूचं लॉज नगर-पुणे रस्त्यावर, राळेगणसिद्धीकडे वळायच्या फाट्याजवळ. वर बारा खोल्या, खाली जेवणाचा हॉल. बारांतल्या तीन भरल्या तर दिवस चांगला गेला म्हणायचं. चालवायची ती मेहुणी. चादरी, पाणी, स्वयंपाक, सगळं तिच्याकडे. साडू गल्ल्यावर बसून पेपर वाचायचा आणि त्याला धंदा सांभाळणं म्हणायचा. त्या उन्हाळ्यात त्याने जाहीर केलं की दसऱ्यापर्यंत खोल्या भरल्या नाहीत, तर जेवणाच्या हॉलची परमिट रूम करणार.

"बाटली आली त्या दिवशी माझी चूल बंद," मेहुणी म्हणाली. "मंग तुमच्या गिऱ्हाइकाला फरसाण चारा."

ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई. म्हणून मला या गोष्टीत लक्ष घालावं लागलं.

नगरला कॉम्प्युटर क्लास चालवणारा एक गृहस्थ साडूला भेटला. त्याला सगळे 'सर' म्हणत. कशाचे सर, ते कुणी विचारलं नव्हतं. त्याने लॉजची तीन पानांची वेबसाइट बनवली. त्यात लॉजपेक्षा साडूचा फोटो मोठा होता. खाली आकडा फिरायचा, किती जणांनी पान उघडलं त्याचा. साडू दर सोमवारी क्लासवर जाऊन पान उघडायचा, आकडा वाढलेला बघायचा आणि मला फोन करायचा. "साडूभाऊ, वाढला!" मी एकदा क्लासवर जाऊन ते पान लागोपाठ पाच वेळा उघडलं. आकडा पाचाने वाढला. हे मी साडूला सांगितलं, तर म्हणाला, "मग तुमीबी उघडत जावा की रोज."

खोल्या तीनच भरत होत्या. तेव्हा सरांनी दुसरं औषध काढलं: लिंक.

"सर्च इंजिन काय बघतं?" सर मला समजावत होते. "तुमच्या पानाकडं किती पानं बोट दाखवतात ते. जितकी बोटं जास्त, तितकं तुमचं नाव वर."

"बोट कोण दाखवतंय, हे नाही बघत?"

"काउंट महत्त्वाचा, साहेब."

बोटं दाखवायला सरांनी जी पानं आणली, ती त्यांच्याच गिऱ्हाइकांची होती. मिरजगावचा बियाण्यांचा दुकानदार, कोल्हारचा बँडवाला, बोअर मारणारा, मंगल कार्यालयवाला, साडूला धरून बावीस जण. प्रत्येकाच्या वेबसाइटवर 'आमचे स्नेही' नावाचं पान, आणि त्यावर बाकीच्या एकवीस जणांची नावं. बावीस गुणिले एकवीस, चारशे बासष्ट लिंका. बाहेरचा माणूस एक नाही. बोअर मारून झाल्यावर कुणाला राळेगणच्या फाट्यावर मुक्काम करावासा वाटेल, हे मी विचारलं. सर हसले. अडाण्याला हसतात तसं.

आणि त्यातही मानपान. साखर कारखान्याच्या एका संचालकाचं पान सरांनी यादीत नवव्या जागी टाकलं म्हणून साडू तणतणला. "संचालक बँडवाल्याच्या खाली? उद्या माझा ऊस कोण नेणार?" दोन दिवस क्लासवर नावं वरखाली करण्यात गेले. लग्नपत्रिकेतल्या नावांवरून भांडणारे लोक हे. यांना जगाच्या पाठीवरचं यंत्र दिलं, तर त्याचीही त्यांनी पत्रिका केली.

यादी लागली तेव्हा सरांनी परीक्षा घेऊन दाखवली. सर्च इंजिनात लॉजचं नाव टाइप केलं. लॉज पहिलं आलं. साडूने टाळी वाजवली.

"ज्याला नाव ठाऊक आहे, तो शोधेल कशाला?" मी म्हणालो. "नाव न घालता शोधा. राळेगणसिद्धीला राहायची सोय, एवढंच टाका."

सरांनी तोंड वाकडं करून टाकलं. पहिल्या दहा पानांत लॉज नव्हतं. अकरावं पान उघडायला सरांना वेळ नव्हता.

भाद्रपदात मात्र खोल्या भरू लागल्या. आधी दोन परदेशी मुली, मग एक प्राध्यापक आणि पाच विद्यार्थी, मग बंगलोरचे चार जण. सगळे राळेगणचं पाणी अडवायचं काम बघायला आलेले. साडू छाती काढून हिंडू लागला. "चारशे बासष्ट! बघा, लागल्या का न्हाई कामाला?"

मी नाश्त्याच्या वेळी एकेकाला विचारलं, इथला पत्ता कुठे मिळाला? बियाणेवाला नाही, बँडवाला नाही. सगळ्यांनी एकच सांगितलं. उन्हाळ्यात एक परदेशी संशोधक बाई इथे आठवडाभर राहून गेली होती. तिने आपल्या विद्यापीठाच्या पानावर, राळेगणला जाणाऱ्यांसाठी, या लॉजबद्दल चार ओळी लिहून लिंक दिली होती. तिला कुणी मागितली नव्हती. मी क्लासवर जाऊन बघितलं. नाव न घालता शोधल्यावर आता तिचं पान पहिलं येत होतं, आणि त्याच्याखाली आमचं लॉज.

त्या रविवारी साडूने नवा बेत सांगितला. "आता परदेशी माणूस यायला लागला. त्याला संध्याकाळची लागतीच. परमिट रूम काढू."

मेहुणी भाकऱ्या थापत होती. तिने हात थांबवला नाही. "दाजी, त्या बाईनं काय लिव्हलंय, ते सांगा यांना."

मी सांगितलं. खोल्या साध्या, चादरी रोज धुतलेल्या, जेवण घरचं. इथे दारू मिळत नाही, त्यामुळे मुली एकट्याही निर्धास्त राहू शकतात.

"परत सांगा. शेवटचं."

मी परत सांगितलं.

"ऐकलं?" मेहुणी म्हणाली. "ज्याच्यापायी माणसं येत्यात, तेच काढून टाका. मंग बोलवा बँडवाल्याला ऱ्हायला."

साडूने पेपर उघडला. मग म्हणाला, "तसं आमचं काय नक्की न्हवतंच."

परमिट रूम झाली नाही. दसऱ्याला त्याच हॉलमध्ये कार्यक्रम झाला तो सरांच्या सत्काराचा. शाल, श्रीफळ, हार. बावीसच्या बावीस हजर होते, संचालक पहिल्या खुर्चीवर. सर बोलले की लिंकच्या चमत्काराने हे लॉज जगाच्या नकाशावर गेलं. साडूने मान डोलावली. संशोधक बाईचं नाव कुणी काढलं नाही; त्या भाषणात ते कुठे बसवणार? मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नाही म्हणालो. न बोलल्याबद्दल मलाही टॉवेल-टोपी मिळाली. टोपीच्या घडीवर कपाटात राहून पडलेली पिवळी रेघ होती.

मी मागे स्वयंपाकघरात गेलो. वरच्या सात पाहुण्यांचं जेवण व्हायचं होतं. मेहुणी तव्यापाशी होती.

"झाला सत्कार?"

"झाला."

"तुमाला काय दिलं?"

मी दाखवलं. तिने टॉवेल चिमटीत धरून बघितला. "टावेल हितं ठेवा, वटा पुसाया व्हईल. टोपी न्या घरी. पुढच्या लग्नाला लागंल."

मग तिने मला ताट वाढलं.